सातपुड्याच्या कुशीतील पाल आणि यावलचे अरण्य

खान्देश म्हटले की रखरखीत ऊन, कपाशीची काळी जमीन आणि केळीच्या बागा एवढेच चित्र शहरी वाचकांच्या डोळ्यांसमोर येते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचल्याच्या बातम्या दरवर्षी छापून येतात आणि या प्रदेशाची तीच ओळख पक्की होते. परंतु जळगाव जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, यावल आणि रावेर तालुक्यांच्या माथ्यावर सातपुड्याची निळसर रांग पहुडलेली आहे. त्या रांगेतील पाल हे छोटेसे गाव खान्देशवासीयांचे हक्काचे थंड हवेचे ठिकाण. महाबळेश्वर वा माथेरानची कीर्ती त्याच्या वाट्याला आली नाही. मात्र एकदा पावसाळ्यात पालचा घाट चढून गेलेला माणूस पुन्हा तिथे जाण्याचे निमित्त शोधत राहतो.

नर्मदा आणि तापी या दोन पश्चिमवाहिनी नद्यांच्या मधोमध सातपुडा उभा आहे. जळगाव जिल्ह्यात त्याचा दक्षिण उतार येतो, तर पलीकडे मध्य प्रदेशातील खरगोन आणि बऱ्हाणपूर जिल्हे लागतात. तापीच्या सपाट खोऱ्यातून पाहिले असता हा डोंगर एखाद्या लांबच लांब तटबंदीसारखा दिसतो.

यावल : निंबाळकरांच्या किल्ल्याचे गाव

या भागाची भटकंती यावलपासून सुरू करणे सोयीचे. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्गावरील हे तालुक्याचे गाव. शिंद्यांच्या ताब्यातील हा मुलूख १७८८ च्या सुमारास निंबाळकर घराण्याकडे आला. १८२१ मध्ये तो इंग्रजांना देण्यात आला, १८३७ मध्ये पुन्हा शिंद्यांकडे गेला आणि १८४३ मध्ये कायमचा इंग्रजी अमलाखाली आला. एकेकाळी हे गाव हातकागद आणि निळीसाठी नावाजलेले होते. ते दोन्ही व्यवसाय काळाच्या ओघात लोपले, पण निंबाळकरांच्या किल्ल्याचे अवशेष आजही जुन्या यावलची आठवण करून देतात. आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालयही यावल येथेच असल्याने डोंगरातील पाड्यांचा या गावाशी नित्याचा संबंध असतो.

यावलच्या पूर्वेला याच तालुक्यातील फैजपूर. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन येथे भरले. खेड्यात भरलेले हे काँग्रेसचे पहिले अधिवेशन. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते आणि महात्मा गांधीही उपस्थित होते. अधिवेशननगरीची सजावट चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या स्थानिक, साध्या साहित्यातून केली होती. या अधिवेशनाच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा होता, त्या धनाजी नाना चौधरी यांचे खिरोदा हे गाव सावद्याहून पालकडे जातानाच लागते.

घाटमार्गे पाल

सावदा-खिरोदा मार्गाने निघाले की सुरुवातीचे काही मैल दुतर्फा केळीच्या बागांची सोबत असते. मग हळूहळू जमीन चढू लागते, शेतातील मातीत गोटे दिसू लागतात आणि बागा मागे पडतात. पहिले वळण घेतले की हवेचा स्पर्श बदलतो. सागाची मोठी पाने, अंजनाची नाजूक पालवी, सालईचे कागदासारखी साल सुटलेले खोड, धावडा, मोह, तेंदू, पळस असे शुष्क पानगळीचे अरण्य दोन्ही अंगांना सुरू होते. फाल्गुनात पळस फुलला की पर्णहीन उतारांवर केशरी ठिपके उमटतात. आषाढ-श्रावणात हाच डोंगर ओळखू न येण्याइतका हिरवा होतो.

पालची उंची महाबळेश्वरशी स्पर्धा करणारी नाही. येथील गारव्याचे श्रेय उंचीपेक्षा भोवतालच्या वनराजीला आणि सुकी नदीच्या खोऱ्याला अधिक. उन्हाळ्यात दुपारी येथेही ऊन जाणवते, पण सूर्य कलला की डोंगरावरून वारा उतरतो आणि रात्री अंगावर पांघरूण घ्यावेसे वाटते. वनविभागाचे विश्रामगृह, वनरक्षकांचे प्रशिक्षण केंद्र, हरिण पैदास केंद्र आणि कृषी विज्ञान केंद्र ही येथील प्रमुख स्थळे. जवळच सुकी नदीवरील गारबर्डी धरण आहे. चांगल्या पावसात ते भरून वाहू लागले की ते दृश्य पाहण्यासाठी परिसरातील लोकांची रीघ लागते.

महाराष्ट्रातील बहुतेक नामांकित गिरिस्थाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या सोयीतून उभी राहिली. महाबळेश्वर १८२८-२९ च्या सुमारास वसवले गेले, तर माथेरानचा शोध १८५० मध्ये ह्यू मॅलेट या कलेक्टरने घेतला. तेथे बंगले आले, बाजारपेठ आली, पुढे हॉटेलेही आली. पालच्या वाट्याला तसे काही आले नाही. त्यामुळे येथे घोड्यांची रपेट नाही, चिक्की-जेलीची दुकाने नाहीत आणि सूर्यास्त पाहण्यासाठी कठडे बांधलेली जागाही नाही. काहींना ही उणीव वाटेल. परंतु हे अरण्य जेवढे उरले आहे, तेवढे उरण्यामागे या उपेक्षेचाही हात असावा.

अभयारण्य आणि रानपिंगळा

यावल अभयारण्याची घोषणा १९६९ मध्ये झाली. त्याचे क्षेत्र सुमारे १७७ चौरस किलोमीटर आहे. पूर्वेकडील मेळघाट आणि पश्चिमेकडील अनेर धरण अभयारण्य यांच्या दरम्यानचा हा दुवा असल्याने वन्यप्राण्यांच्या स्थलांतराच्या दृष्टीने त्याचे महत्त्व मोठे. बिबट्या, अस्वल, तरस, नीलगाय, चौशिंगा, भेकर, रानडुक्कर यांचा येथे वावर आहे. मात्र ताडोब्यासारखे जीपमधून हमखास प्राणीदर्शन घडेल या अपेक्षेने येणाऱ्याची निराशा होण्याचीच शक्यता अधिक. हे पायी हिंडण्याचे, पाखरांचे आणि पाऊलखुणांचे जंगल आहे.

पक्षीनिरीक्षकांना मात्र यावलचे नाव एका विशेष कारणासाठी ठाऊक असते. ते कारण म्हणजे रानपिंगळा. घुबडाच्या कुळातील या छोट्या पक्ष्याचे पहिले शास्त्रीय वर्णन ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये केले. त्यानंतर खान्देशात नोकरीस असलेले सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी सातपुड्याच्या पायथ्याशी त्याचे नमुने मिळवले. १८८४ नंतर मात्र या पक्ष्याची खात्रीलायक नोंदच झाली नाही. १९१४ चा म्हणून एक नमुना ब्रिटिश संग्राहक रिचर्ड माइनर्टझागन यांच्या संग्रहात होता. तो संग्रहालयातून चोरलेला जुनाच नमुना पुन्हा भरून, खोटी चिठ्ठी लावून ठेवलेला असल्याचे पुढे उघड झाले. खोट्या नोंदींचा गुंता सुटल्यावर अमेरिकेच्या पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेव्हिडसनच्या जुन्या नोंदींचा माग काढला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ तब्बल ११३ वर्षांनी रानपिंगळा पुन्हा जगासमोर आला. पुढील पाहण्यांमध्ये तोरणमाळ, मेळघाट आणि यावल येथेही त्याचे अस्तित्व दिसून आले.

रानपिंगळा दिवसाही वावरतो. उघड्या फांदीवर बसून तो सरडे, पाली, उंदीर टिपतो. घरट्यासाठी त्याला जुन्या, जाड झाडांच्या ढोल्या लागतात. म्हणजे नुसती हिरवळ असून भागत नाही, वय झालेली झाडे उभी असावी लागतात. यावलच्या जंगलात नेमक्या याच झाडांवर कुऱ्हाड चालत आली आहे. सागाची तस्करी, सालईच्या डिंकासाठी खोडांवर घातलेले खोल घाव आणि जमीन मोकळी करण्यासाठी झालेली तोड यांनी काही डोंगर बोडके झाले. नष्ट झाला असे मानलेला पक्षी सापडला खरा, पण त्याचे घर टिकेल की नाही, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

डोंगरातील माणसे

जामन्या, गाडऱ्या, लंगडा आंबा, उसमळी ही या जंगलातील पाड्यांची नावे. पावरा, भिल्ल, बारेला, तडवी, कोरकू हे येथील समाज. तडवी हे इस्लाम धर्म पाळणारे भिल्ल. अनेक पिढ्यांपासून ते सातपुड्याच्या पायथ्याशी राहतात आणि अहिराणी, तावडी या बोलींच्या मुलखात आपली स्वतंत्र ओळख जपून आहेत. होळीपूर्वीच्या आठवड्यात डोंगरातील गावोगावी भोंगऱ्या बाजार भरतो. होळीसाठी लागणाऱ्या वस्तूंची खरेदी हे त्याचे निमित्त, पण ढोल, बासरी, चांदीचे दागिने आणि रंगीत पेहराव यांमुळे त्याला उत्सवाचे रूप येते. पाहुण्यांनी हा सोहळा जरूर पाहावा, मात्र परवानगीवाचून कॅमेरे रोखू नयेत.

जंगल आणि माणूस यांचे येथील नाते सरळ नाही. अभयारण्य जाहीर झाल्यावर पिढ्यान्‌पिढ्यांची शेती कागदोपत्री अतिक्रमण ठरली. दुसरीकडे नव्याने होणारी अतिक्रमणे रोखताना वनकर्मचाऱ्यांवर हल्लेही झाले. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीची कसवणूक मान्य करण्याची आणि ग्रामसभांना जंगल राखण्याचे अधिकार देण्याची वाट मोकळी केली. त्यानंतर काही गावांनी स्वतः पुढे येऊन तोड थांबवण्याचा प्रयत्न केला. जुना हक्कदार कोण आणि कालपरवा आलेला कोण, हे ठरवण्याचे काम जिथे नीट होते, तिथे जंगलही वाचते, असा येथील अनुभव आहे.

डोंगराचे पाणी, केळीचे सोने

यावल-रावेरच्या केळीचा आणि या जंगलाचा संबंध वरवर दिसत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोटे, वाळू आणि माती यांच्या थरांचा एक अरुंद पट्टा आहे. भूशास्त्रात त्याला बझाडा म्हणतात. डोंगरातून धावत येणारे ओढे या पट्ट्यात शिरले की जणू जमिनीत गडप होतात आणि तेच पाणी खालच्या गाळाच्या थरांत जाऊन विहिरींना येते. १६१५ च्या सुमारास मोगलांच्या काळात शेजारच्या बऱ्हाणपुरात बांधलेला कुंडी भंडारा हे याच सातपुड्याच्या भूजलावर चालणारे नवल. एकामागून एक कुंड्या आणि त्यांना जोडणारा भुयारी मार्ग, यांतून केवळ उताराच्या जोरावर पाणी शहरात आणले गेले.

आज चित्र बदलले आहे. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली जळगावची केळी पाण्याची मोठी तहान असलेले पीक. ठिबक सिंचनाने बचत झाली, पण कूपनलिकांची खोली वाढतच गेली आणि यावल व रावेर हे तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी ओळखले जाऊ लागले. तापीचे पाणी कालव्यांद्वारे बझाडा पट्ट्यात आणून मुरवण्याच्या महाकाय पुनर्भरण योजनेबाबत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात १० मे २०२५ रोजी भोपाळ येथे करार झाला. योजना मोठी आहे आणि तिला वेळ लागेल. मात्र बोडक्या डोंगरावरचे पाणी मुरण्याआधीच वाहून जाते, ही गोष्ट कोणत्याही कालव्याने बदलणारी नाही. पालच्या विश्रामगृहासमोरचे झाड आणि सावद्याच्या शेतातील केळीचा घड हे एकाच पाण्यावर जगतात.

आसपासची ठिकाणे

यावल-चोपडा मार्गावरून आडगावमार्गे सातपुड्याच्या दरीतील मनुदेवीला जाता येते. खान्देशातील अनेक कुळांचे हे दैवत. मंदिरासमोरच कड्यावरून कोसळणारा धबधबा पावसाळ्यात रौद्र रूप धारण करतो. नवरात्रात येथे मोठी गर्दी होते. त्याच दिशेने पुढे चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेव येथे गरम पाण्याचे झरे आहेत. सवड असल्यास बऱ्हाणपूर आणि असीरगड हेही याच फेरीत जोडता येतात.

खाण्याच्या बाबतीत हिवाळा उत्तम. यावल तालुक्यातील बामणोदची भरिताची वांगी सर्वत्र प्रसिद्ध आहेत. काड्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचे, कांद्याची पात घातलेले भरीत आणि सोबत कळण्याची भाकरी हा बेत शेतातच रंगतो. शेवभाजी आणि खापरावरची पुरणपोळी यांची चव घेतल्याशिवाय परतू नये.

कधी आणि कसे जावे?

जुलै ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. हिरवाई आणि धबधब्यांसाठी ऑगस्ट-सप्टेंबर, तर पक्षीनिरीक्षणासाठी नोव्हेंबरनंतरचे दिवस योग्य. मुंबई, पुणे, नाशिक किंवा नागपूरहून येणाऱ्यांसाठी भुसावळ हे रेल्वे जंक्शन सोयीचे. तेथून फैजपूर-सावदा-खिरोदा मार्गे किंवा रावेरहून पालला जाता येते. एसटीच्या फेऱ्या मोजक्या असल्याने स्वतःचे वाहन असणे चांगले. विश्रामगृहाचे आरक्षण आणि अभयारण्यात प्रवेशाची परवानगी वनविभागाकडून आधी घ्यावी. डोंगरात मोबाइलचा संपर्क सर्वत्र मिळेलच असे नाही, म्हणून गरजेची औषधे आणि पिण्याचे पाणी जवळ बाळगावे.

पावसाळ्यात धबधब्याखाली आणि धरणाच्या सांडव्यावर उतरण्याचा मोह टाळावा, कारण डोंगरमाथ्यावरील पावसाचे लोंढे अचानक येतात. उन्हाळ्यात वाळलेल्या पानांत जळती काडी किंवा विडी टाकणे म्हणजे वणव्याला आमंत्रण. प्लास्टिक जसे नेले तसे परत आणावे. स्थानिक वाटाड्या सोबत घेतल्यास जंगल अधिक कळते आणि पाड्यातील एखाद्या घराला दोन पैसेही मिळतात.