आम्ही वसईचे, सांवेर रोडचे : एका मराठी ख्रिस्ती घराचं वर्ष

लिहीन लिहीन म्हणत बरेच महिने गेले. गणपतीत आरतीला भेटलो की कोणी ना कोणी विचारतंच, "तुम्ही चर्चला जाता, मग घरात मराठी कशी?" इंदूरमध्ये पन्नास वर्षं काढली तरी हा प्रश्न सुटलेला नाही. विचारणाऱ्यांचा त्यात काही वाईट हेतू नसतो. इथल्या मराठी माणसाला ख्रिश्चन म्हटलं की एक तर केरळचे फादर आठवतात, नाही तर झाबुआचे आदिवासी. मराठी ख्रिस्ती ही जात त्याच्या हिशोबात बसतच नाही. म्हणून एकदा सगळं सविस्तर सांगतो.

आमचं मूळ वसईचं. वसई म्हटलं की आपल्याला चिमाजी अप्पा आठवतात, आणि आठवायलाच हवेत. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली आणि पुढची दोनशे वर्षं तिथं त्यांचं राज्य होतं. त्या काळात गावंच्या गावं ख्रिस्ती झाली. मे १७३९ मध्ये मराठ्यांनी किल्ला घेतला. त्या मोहिमेत मल्हारराव होळकर होते. हो, आपले मल्हारराव, इंदूरचे! तहात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळायची मुभा मिळाली. पोर्तुगीज गेले, आमचे लोक राहिले. शेती तीच, विहीर तीच, भाषा तीच. गोऱ्या साहेबामुळे आम्ही ख्रिस्ती, असं कोणी म्हणालं की बाबा शांतपणे सांगायचे, "साहेब गेल्याला अडीचशे वर्षं होत आली. नंतर आम्हाला कोणी धरून ठेवलं होतं?"

विजयानंतर वसई भागातल्या चर्चच्या घंटा मराठे घेऊन गेले आणि त्या देवळांत लागल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराची घंटा पाहिली असेल, तिच्यावर १७२१ साल कोरलेलं आहे. भीमाशंकरला आहे, मेणवलीलाही आहे. आम्ही एकदा सहकुटुंब नाशिकला गेलो तेव्हा आईने त्या घंटेकडे बघून हात जोडले. देवळाला जोडले की घंटेला, ते मी विचारलं नाही.

भाषेचंही सांगतो. फादर थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले, इथली भाषा शिकले आणि ओव्यांमध्ये 'क्रिस्तपुराण' लिहिलं. ते छापलं गेलं १६१६ साली. म्हणजे मराठीतून येशूची गोष्ट सांगायची परंपरा चारशे वर्षांची आहे. आमच्याच काळातलं उदाहरण हवं तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईचे धर्मगुरू, 'सुवार्ता' मासिकाचे संपादक, हरित वसईच्या आंदोलनात पुढे असणारे. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. निवडीवर ओरड करणारेही निघाले, पण अध्यक्षीय भाषण शुद्ध मराठीत झालं आणि चांगलं झालं. २०२४ च्या जुलैत ते गेले तेव्हा आमच्या घरात जवळचं माणूस गेल्यासारखं वाटलं.

तर बाबा १९७४ मध्ये इंदूरला आले. सांवेर रोडवर तेव्हा कारखाने भराभर उभे राहत होते आणि मशीन शॉपचं काम येणारा माणूस हवाच होता. घरची वाडी होती, केळी होती, पानवेल होती, पण भाऊ चार. वाडीचे चार तुकडे करण्यापेक्षा एकाने बाहेर पडावं असं ठरलं. बाणगंगेच्या बाजूला दोन खोल्या घेतल्या. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे कारखान्याची भिंत, आणि मागे तेव्हा चक्क गव्हाची शेतं.

वसईत दिवस चर्चच्या घंटेवर चालतो. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी तीनदा घंटा होते आणि माणूस वाडीत असो की विहिरीवर, थांबून त्रिकाळ प्रार्थना म्हणतो. सांवेर रोडवर कुठली घंटा? इथं होता भोंगा. बाबांनी भोंग्यालाच घंटा करून टाकलं. दुपारचा भोंगा झाला की डबा उघडण्याआधी टोपी काढून दोन मिनिटं उभे. बाजूचे कारागीर आधी हसले, मग सवय झाली, आणि पुढे तर कोणी म्हणायचं, "दादा, पहले आप अपना कर लो, फिर रोटी खोलते हैं."

रविवारचा मिस्सा मात्र लांब पडायचा. इंदूरकर ज्याला लाल चर्च म्हणतात त्या सेंट फ्रान्सिस कॅथेड्रलला आम्ही सायकलवर जायचो. मी पुढच्या दांडीवर, आई मागे कॅरिअरवर. इंदूरचा धर्मप्रांत १९५२ मध्ये झाला. त्याच्या वीस वर्षं आधी 'डिव्हाइन वर्ड' संस्थेचे मिशनरी इथं आले होते. मिस्सा हिंदीत. आईला सुरुवातीला फार जड गेलं. आपल्याकडे धर्मग्राम म्हणतात, इथं पल्ली. आपला येशू, इथं येसु. झावळ्यांचा रविवार इथं खजूर इतवार होतो, आणि उपवासकाळाला म्हणतात चालीसा! पहिल्या वर्षी 'चालीसा शुरू हो रहा है' ऐकून आईला वाटलं हनुमान चालीसाचं काही आहे.

आता ऋतूंचं. वसईचं वर्ष आणि माळव्याचं वर्ष एकावर एक ठेवून बसवणं, हेच खरं तर आमच्या घराचं काम होतं.

उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती गावांत भाताची नवी कणसं चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेतात. ईस्ट इंडियन लोक त्याला आगेरा म्हणतात, ऑक्टोबरचा पहिला रविवार. इथं भात कुठे? इथं त्या दिवसांत सोयाबीन निघतं. आईने मागच्या शेतकऱ्याकडून सोयाबीनच्या शेंगांची जुडी मागून आणली आणि घरातल्या क्रुसापाशी ठेवली. "पीक ते पीक," म्हणाली. ऑक्टोबरभर रोज संध्याकाळी जपमाळ. त्यात नवरात्र यायचं, बाहेर गरब्याचा लाऊडस्पीकर, आत आमची पन्नास-साठ वेळा तीच प्रार्थना. दोन्ही आईचेच दिवस, असं शेजारच्या जोशी काकू म्हणायच्या आणि प्रसाद देऊन जायच्या.

२ नोव्हेंबरला मृतांचा दिवस. कबरस्तानात जाऊन कबरी साफ करायच्या, मेणबत्त्या, झेंडू. दिवाळीनंतर झेंडू स्वस्त होतो, त्याचा आम्हाला फायदा! पितृपक्षाला जे तुमच्या मनात असतं तेच तिथं आमच्या मनात असतं, फक्त पान वाढत नाही.

नाताळच्या गोठ्याला वसईत भाताचा पेंढा असतो, इथं गव्हाचा भुसा. आई पंधरा दिवस आधी वाट्यांत गहू पेरायची, म्हणजे नाताळपर्यंत हिरवे कोंब गोठ्याभोवती ठेवता यायचे. काकूंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं हे तर आमच्या घटाचे जवारे!" तेव्हापासून नवरात्रातला उरलेला गहू त्या आईसाठी बाजूला काढून ठेवत. करंज्या दोन्ही घरांत एकाच दिवशी व्हायच्या. सोरा आमचा, खोबरं वसईहून आलेलं, तळायला काकू.

राखेचा बुधवार येतो तेव्हा माळव्यात गहू पिवळा पडायला लागलेला असतो. कपाळावर राख लावून बाबा थेट पाळीवर जायचे. चाळीस दिवस घरात मटण-मासे बंद. वसईच्या माणसाला मासे सोडणं म्हणजे काय, ते सांगत बसत नाही. सांवेर रोडवर बांधकामाला आलेले झाबुआकडचे मजूर होळीआधी भगोरियासाठी गावी परतायचे. त्यातली काही कुटुंबं ख्रिस्ती होती आणि त्यांची पंचाईत व्हायची, कारण भगोरिया नेमका उपवासकाळात. फादर फार ताणत नसत. पवित्र आठवडा आणि रंगपंचमी यांचीही गाठ पडते कधी कधी. २०२४ मध्ये गुड फ्रायडे २९ मार्चला आणि दुसऱ्याच दिवशी रंगपंचमी. राजवाड्यावर गेर, टँकरने रंग उडतोय, आणि आम्ही त्या रात्रीच्या पुनरुत्थानाच्या मिस्साला पांढरे कपडे घालून कसं पोचायचं याच्या काळजीत. २००४ मध्ये तर झावळ्यांचा रविवार ४ एप्रिलला आणि ५ तारखेला चैत्र पौर्णिमा, म्हणजे उज्जैनचा सिंहस्थ. आमच्या रस्त्यावरून रात्रंदिवस यात्रेकरूंच्या गाड्या. बाबांनी दारात पाण्याचा माठ ठेवला होता. गुड फ्रायडेला स्वतः कडक उपास, आणि माठ भरायला तेच.

आणि आता ते, ज्यासाठी खरं तर लिहायला बसलो.

२५ फेब्रुवारी १९९५, शनिवार. राखेच्या बुधवारला चार दिवस होते. देवास जिल्ह्यातल्या उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये सिस्टर राणी मारिया होत्या. मूळच्या केरळमधल्या पुल्लुवळीच्या, जन्म १९५४ चा, क्लॅरिस्ट संघाच्या. १९९२ पासून उदयनगरात होत्या. आदिवासी आणि भूमिहीन मजुरांचे बचतगट बांधणं, सावकाराच्या व्याजातून त्यांना सोडवणं, सरकारी योजना त्यांच्यापर्यंत नेणं हे त्यांचं काम. हे ज्यांना खुपत होतं त्यांनी मारेकरी घातला. नाचनबोर टेकडीपाशी भर बसमध्ये, प्रवाशांसमोर, समुंदर सिंह नावाच्या तरुणाने त्यांना भोसकलं. पन्नासच्या वर वार होते. बसमधलं कोणी मध्ये पडलं नाही.

ती बातमी सांवेर रोडवर संध्याकाळी आली. आमच्याकडे प्रार्थनेला पाच-सहा घरं जमायची. मल्याळी, गोव्याचे, एक तमिळ कुटुंब, आम्ही. त्या संध्याकाळी कोणी गाणं म्हटलं नाही. आईने दुसऱ्या दिवसापासून गळ्यातला क्रूस पदराच्या आत घालायला सुरुवात केली. कितीतरी महिने तो आतच राहिला. बाबा काही बोलले नाहीत, पण बुधवारी राख लावून पाळीवर जाताना दारात क्षणभर थांबले. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. मला ते थांबणं दिसलं, आणि ते तसेच राख न पुसता गेले हेही. काकू त्या आठवड्यात रोज येऊन बसायच्या. भाजी निवडायच्या, विषय काढायच्या नाहीत.

पुढे जे झालं ते मला आजही पूर्णपणे झेपत नाही. राणी मारियांची सख्खी धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, त्याही जोगीणच. २००२ मध्ये राखीपौर्णिमेच्या सुमाराला त्या इंदूरच्या तुरुंगात गेल्या आणि समुंदर सिंहला राखी बांधली. मल्याळी ख्रिस्ती घरातली बाई, राखी तिच्या गावची रीत नव्हे. माफी कशी सांगायची ते या माणसाला कळेल अशा भाषेत तिने सांगितलं. स्वामी सदानंद म्हणून ओळखले जाणारे एक ख्रिस्ती धर्मगुरू त्याला आधीपासून भेटत होते. घरच्यांनीच त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला आणि २००६ मध्ये तो सुटला. नंतर तो केरळला जाऊन त्यांच्या आईलाही भेटला.

आमच्या घरात यावर वाद झाला. आईचं म्हणणं, "राखी बांधली ती तिची बहीण, तिला हक्क आहे. मला नाही जमणार." बाबा म्हणाले, "तुला कोणी सांगितलंय का?" मला आईचं उत्तर जास्त प्रामाणिक वाटतं. दुसऱ्याच्या माफीवर आपण पुण्यवान होऊ नये.

४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरच्या सेंट पॉल शाळेच्या मैदानावर राणी मारियांना 'धन्य' घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी. रोमहून कार्डिनल आमातो आले होते. त्या दिवशी कार्तिकी पौर्णिमा, गुरुनानक जयंती. मैदानात भिली, मल्याळम, हिंदी, सगळं कानावर पडत होतं. समुंदर सिंहही त्या सोहळ्याला होता. आईला मी व्हीलचेअरवर नेलं होतं. गळ्यातला क्रूस त्या दिवशी पदराच्या बाहेर होता. आमचं तोंड उघडलं की मराठी, म्हणून मागच्या रांगेतल्या एका ताईंनी विचारलं, "आप लोग देखने आए हैं?" आई म्हणाली, "नहीं, हमारा ही है."

आता बाबा नाहीत, आईही नाही. सांवेर रोडवर भोंगेही फारसे राहिले नाहीत, आणि मागच्या शेतांत गोदामं झाली. दरवर्षी २५ फेब्रुवारीच्या आसपास आम्ही उदयनगरला जातो, तिथं चर्चमध्ये त्यांची समाधी आहे. मे महिन्यात घरी मराठीतून जपमाळ अजून होते. नातू अर्धी हिंदीत म्हणतो, 'येसु' म्हणतो. सूनबाई भोपाळची, ती माझ्याबरोबर 'येशू' म्हणते आणि त्याला चिमटा काढते.

एक विनंती. १९७० ते ९० च्या काळात सांवेर रोड, बाणगंगा, नंदानगर भागात वसई, नगर किंवा नागपूरकडून आलेली मराठी ख्रिस्ती घरं कोणाला आठवत असतील तर कळवा. बाबांबरोबर मशीन शॉपला असलेल्या कोणाकडे जुने फोटो असतील तर तेही पाठवा. डब्याच्या वेळचा एखादा असेल तर फारच बरं होईल.