अनसिंगचा माणूस शहरात का येतो?

"गावाकडं काय कमी आहे? हवा चांगली, घर स्वतःचं. मग मरायला शहरातच का येतात सगळे?" दर दिवाळीत हा प्रश्न कुणीतरी टाकतंच. आपलं ठरलेलं उत्तर: नोकरी. ते बरोबरच आहे, पण नोकऱ्या तरी शहरातच का गेल्या?

वाशीम-पुसद रस्त्यावरचं अनसिंग घ्या. शेजारचं वाशीम म्हणजे काही आडगाव नव्हे बरं का! ते वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अजिंठ्याच्या १६ नंबरच्या लेण्यात वराहदेवाचा शिलालेख आहे ना, त्याचा राजा हरिषेण इथला. पाचवं शतक. तेव्हा मुंबई म्हणजे पाण्यातली सुटी सुटी बेटं. त्या काळी आयटीवाले असते तर फ्लॅट वाशीमला बुक केला असता :)

पुढं शेकडो वर्षं इकडचा माल लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून जायचा. (बंजाऱ्यांचं पोहरादेवी याच जिल्ह्यात.) बैल कुठंही थांबतो, त्यामुळं वाटेवरच्या प्रत्येक गावाला थोडं काहीतरी मिळायचं.

मग १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांकडं आलं. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरला वऱ्हाडच्या कापसाची आठवण झाली. १८६७ पर्यंत मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली, पण अकोल्यावरून. वाशीम राहिलं ८० किलोमीटर खाली. आगगाडी बैलासारखी कुठंही थांबत नाही. मग जिथं स्टेशन तिथं जिनिंग, तिथं व्यापारी, त्यांच्या भांडणांसाठी वकील, वकिलांच्या पोरांसाठी शाळा. एकामागून एक गोळा होत गेलं. वाशीमला रेल्वे मिळाली ती थेट स्वातंत्र्यानंतर, तीही मीटरगेज. ब्रॉडगेज व्हायला २००८ उजाडलं.

अनसिंगची गोष्ट तर आणखी मजेशीर, म्हणजे खरं तर वाईट. वाशीम हा तेव्हा स्वतंत्र जिल्हा होता आणि पुसद त्यातला तालुका, म्हणजे अनसिंग दोन्हींच्या मधोमध. १९०५ मध्ये सरकारनं जिल्हाच मोडला. वाशीम गेलं अकोल्यात, पुसद यवतमाळमध्ये. गाव जागचं हललं नाही, पण मधोमध होतं ते कडेला पडलं! कोर्टकचेरीचं मोठं काम निघालं की अकोला. वाशीम जिल्हा परत झाला १ जुलै १९९८ ला. तब्बल ९३ वर्षांनी. तेवढ्या काळात चार पिढ्यांना अकोल्याची वाट पाठ झाली, आणि अकोल्याहून पुढं पुण्याची.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ४५ टक्के लोक शहरात होते. वाशीम जिल्ह्यात जेमतेम १८ टक्के. म्हणजे शहरं वाढत होती, पण जिल्ह्याबाहेर.

आता समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून गेलाय, कारंजा-मालेगावच्या बाजूनं. अनसिंग त्याच्या दक्षिणेला. आणि या रस्त्यावर इंटरचेंज सोडून कुठंही चढता येत नाही.