स्तनात गाठ लागली, पहिल्यांदाच मोठ्या दवाखान्यात जायचंय: दातिवऱ्याहून निघताना पिशवीत काय हवं?

दातिवरे गाव वैतरणा खाडीच्या मुखाशी आहे. खाडीच्या पलीकडे अर्नाळा, म्हणजे वसई तालुका. अंतर पाण्यावरून थोडंसं, पण मुंबईच्या दवाखान्यात जायचं तर आधी रस्त्याने सफाळे स्टेशन गाठायचं, मग लोकल. काही गाड्या थेट दादर-चर्चगेटकडे जातात, नाहीतर विरारला बदलायची. परळच्या टाटा मेमोरियल किंवा केईएमसारख्या रुग्णालयात सकाळी पोहोचायचं असेल तर घरातून पहाटेच निघावं लागतं.

म्हणजे तपासणी अर्ध्या तासाची, पण त्यासाठी अख्खा दिवस मोडतो. मासळी विकणाऱ्या किंवा वाडीत राबणाऱ्या बाईची त्या दिवसाची कमाईही जाते. अशा वेळी "तो जुना रिपोर्ट आणा, मग बघू" असं ऐकून परत यावं लागलं, तर दुसरी फेरी लवकर होत नाही. आधी गणपती येतात, मग दिवाळी, मग घरातलं लग्न. स्तनाच्या गाठीच्या बाबतीत सगळ्यात मोठा धोका या मधल्या महिन्यांचा असतो.

तपासणीला जायला घाबरण्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवा. स्तनात लागणाऱ्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. तरुण मुलींमध्ये फायब्रोअ‍ॅडेनोमा नावाची हाताखाली सरकणारी गाठ, चाळिशीच्या आसपास पाण्याची गाठ, बाळाला पाजणाऱ्या आईमध्ये दूध साचून झालेली गाठ, अशी कारणं नेहमीची आहेत. पण कोणती गाठ कसली, हे हाताने चाचपून घरी ठरत नाही. "दुखत नाही, म्हणजे काही नाही" हा समज तर नेमका उलटा आहे. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही.

पहिली पायरी मुंबईत नाही, गावात आहे

सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात ३० वर्षांवरच्या स्त्रियांची स्तनांची तपासणी आरोग्य केंद्राच्या पातळीवर व्हावी अशी तरतूद आहे. आशाताई घरोघरी जो फॉर्म भरून घेतात, त्यात स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्तासारखा स्राव येतो का, स्तनाच्या आकारात फरक पडलाय का, हे प्रश्न असतात. अनेक घरांत या प्रश्नांना घाईघाईने "नाही" असं उत्तर दिलं जातं, कारण शेजारी सासरे बसलेले असतात. आशाताईंना बाजूला घेऊन खरं सांगितलं, तरी पुढचं बरंच काम सोपं होतं.

हाताने केलेल्या तपासणीला कमी लेखू नये. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजारांहून जास्त स्त्रियांचा एक अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी केली. २०२१ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात २० वर्षांचे निष्कर्ष आले. तपासणी झालेल्या गटात कर्करोग आधीच्या टप्प्यावर सापडला आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये त्यामुळे होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. सर्व वयांचा एकत्र विचार केला तर घट १५ टक्के दिसली, पण ती आकडेवारीच्या कसोटीवर पक्की ठरली नाही.

गावातून मिळणारी दुसरी गोष्ट म्हणजे चिठ्ठी. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी "उजव्या स्तनात गाठ, दोन महिन्यांपासून" एवढं लिहून सही-शिक्का दिला, तरी मोठ्या रुग्णालयात कुठल्या ओपीडीत पाठवायचं हा घोळ वाचतो. मोठ्या रुग्णालयात निघण्याआधी स्तनांची ओपीडी कोणत्या वारी असते आणि नाव आधी नोंदवावं लागतं का, हे फोन करून किंवा वेबसाइटवर बघून घ्या.

पिशवी आदल्या रात्री भरा

आधार कार्ड आणि रेशन कार्ड, मूळ प्रत आणि दोन-दोन झेरॉक्स. पालघर किंवा बोईसरला आधी सोनोग्राफी झाली असेल तर नुसता रिपोर्ट नको, फिल्म किंवा सीडीही हवी. सुईने तपासणी किंवा बायोप्सी झाली असेल तर त्या लॅबमधून काचेच्या स्लाईड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या. मोठ्या कर्करोग रुग्णालयात ते पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. हा ब्लॉक हरवला तर तीच सुई पुन्हा टोचून घ्यावी लागू शकते, म्हणून तो डब्यात नीट ठेवा.

एका कागदावर पुढचं लिहून न्या: गाठ पहिल्यांदा कधी जाणवली, वाढली का, शेवटची पाळी कधी आली (पाळी गेली असेल तर कितव्या वर्षी), मुलं किती, सध्या चालू असलेल्या गोळ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आवर्जून सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि नात्यात कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला होता का, हेही लिहा. इथे आई-बहिणीइतकीच आत्याही महत्त्वाची आहे. वडिलांकडून येणारा वारसा लोक विसरतात.

फोन नंबर कुणाचा द्यायचा, हेही घरीच ठरवा. नवरा समुद्रावर असेल तर त्याचा फोन लागणार नाही. पुढची तारीख कळवायला फोन आला तर जो उचलला जाईल, तो नंबर द्या.

उपाशी जाऊ नका

रक्त तपासायचं म्हणून उपाशी जाणाऱ्या बायका खूप. पण हाताने तपासणी, मॅमोग्राफी आणि स्तनांची सोनोग्राफी, यातल्या कशालाही उपाशी राहावं लागत नाही. मधुमेह असेल तर जेवण आणि गोळी नेहमीप्रमाणे घ्या. पहाटेपासून रिकाम्या पोटी लोकलमध्ये उभं राहून चक्कर आली, तर तपासणी बाजूलाच राहील.

कपडे दोन भागांतले असावेत. साडी किंवा सलवार-कमीज चालेल, लांब मॅक्सी किंवा गाऊन टाळा, कारण तपासताना कमरेच्या वरचेच कपडे काढावे लागतात. मंगळसूत्र आणि गळ्यातलं मॅमोग्राफीच्या वेळी उतरवावं लागतं, म्हणून बाकीचे दागिने घरीच ठेवा. त्या दिवशी काखेत किंवा छातीवर पावडर, डिओ लावू नका. पावडरीचे कण मॅमोग्राफीच्या चित्रात ठिपक्यांसारखे दिसू शकतात.

गाठीवर तेल चोळणं, गरम शेक, झाडपाल्याचा लेप, हे सगळं थांबवा. कातडी भाजली किंवा सुजली की डॉक्टरांना मूळ गाठ नीट कळत नाही.

आत गेल्यावर

स्तनांच्या ओपीडीत सहसा तीन टप्प्यांची तपासणी असते. आधी डॉक्टर दोन्ही स्तन, काख आणि मानेखालचा भाग हाताने तपासतात. मग वयानुसार मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी, कधी दोन्ही. चाळिशीच्या आत स्तनातला ग्रंथींचा भाग दाट असतो, त्यात मॅमोग्राफीला कमी दिसतं, म्हणून तरुण वयात बहुधा आधी सोनोग्राफी करतात. मॅमोग्राफीत स्तन दोन पट्ट्यांमध्ये काही सेकंद दाबतात. दुखतं, पण लवकर संपतं. शंका वाटली तरच तिसरा टप्पा, म्हणजे जागा बधिर करून सुईने गाठीचा छोटा तुकडा काढणं. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" ही भीती गावोगावी आहे. त्यात तथ्य नाही.

पुरुष डॉक्टर असतील तर तपासताना दुसरी स्त्री हजर असणं हा रुग्णाचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्ण हक्कांच्या सनदेत तो लिहिलेला आहे. सिस्टर नसतील तर सोबत आलेल्या जावेला, नणंदेला किंवा मुलीला आत बोलावा. त्यासाठी संकोच करायचं कारण नाही.

मॅमोग्राफीच्या रिपोर्टवर एक आकडा असतो, आणि घरोघरी रडारड होते ती त्या आकड्यावरून. त्याला बाय-रॅड्स म्हणतात, तो ० ते ६ असतो. बाय-रॅड्स ४ म्हणजे चौथी स्टेज नव्हे. १ म्हणजे सगळं ठीक. २ म्हणजे साधी, निरुपद्रवी गोष्ट. ३ म्हणजे बहुधा साधीच, पण साधारण सहा महिन्यांनी पुन्हा बघू. ४ म्हणजे शंका आहे, तुकडा तपासा, आणि अशा तपासलेल्या कितीतरी गाठी साध्या निघतात. ५ म्हणजे शंका दाट. ६ हा आकडा आधीच कर्करोग सिद्ध झालेल्यांसाठी. ० चा अर्थ "काही नाही" असा नाही, तर "चित्र अपुरं आहे, आणखी तपासणी करा" असा आहे. ० वाचून खूश होऊन घरी बसणं हीसुद्धा चूकच.

तुकडा काढला तर त्याचा रिपोर्ट त्याच दिवशी मिळत नाही, काही दिवस जातात. म्हणून पहिल्या दिवशी "आहे की नाही" याचं उत्तर मिळेलच असं धरून जाऊ नका. उत्तर मिळालं नाही, याचा अर्थ डॉक्टर काही लपवतायत असा नसतो.

"कापून टाका, कटकट मिटेल"

या सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. घाबरलेलं घर जवळच्या छोट्या नर्सिंग होममध्ये जातं, गाठ लगेच काढली जाते, आणि काढलेला तुकडा तपासायलाही पाठवला जात नाही. पुढे ती कर्करोगाची निघाली, तर किती भाग काढायचा, काखेतल्या गाठींचं काय, आधी केमो द्यायची का, हे सगळे निर्णय अवघड होतात, कारण मूळ गाठच जाग्यावर नसते. आधी सुईने निदान, मग ऑपरेशन, हा क्रम डॉक्टरांना विचारून घ्या. आणि आधीच गाठ काढून झाली असेल तर तो तुकडा आणि त्याचा रिपोर्ट ताब्यात घ्या.

पैशांचंही आधी बघा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, पण त्याचा मुख्य उपयोग निदान झाल्यावरच्या ऑपरेशन, केमोथेरपी, रेडिएशनसाठी होतो. ओपीडीतल्या सुरुवातीच्या तपासण्यांचा खर्च खिशातून करावा लागू शकतो, म्हणून थोडे रोख पैसे जवळ हवेत. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राची खिडकी असते, तिथे रेशन कार्ड दाखवून पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. योजनेचा टोल फ्री नंबर १५५३८८ आहे.

निघण्याआधी केसपेपरवर तीन गोष्टी लिहिल्या आहेत का बघा: पुढची तारीख, कोणता रिपोर्ट कुठून घ्यायचा, आणि तो घ्यायला रुग्णाने स्वतः यायलाच हवं की घरचं कुणी आलं तरी चालेल. दुसरं उत्तर "चालेल" असेल, तर तिची एक फेरी वाचते.