ता. ३० जानेवारी १९४८ : नभोवाणीच्या एका दिवसाचीं साधनें

१. जुन्या कागदांच्या संग्राहकांपुढें नभोवाणीचें नांव काढलें म्हणजे हा विषय आपल्या कक्षेबाहेरचा आहे असें त्यांस वाटण्याचा संभव आहे. जी वस्तु उच्चारतांच हवेंत विरून जाते तिचा दप्तराशीं संबंध तो कोणता ? परंतु नभोवाणीच्या प्रत्येक दिवसामागें कागदांचा मोठा पसारा असतो, आणि बखरी, अखबार व रोजकीर्दी यांस आपण ज्या कसोट्या लावतों त्याच या कागदांसही लावाव्या लागतात. त्या न लावल्यास कसा प्रमाद घडतो हें शुक्रवार ता. ३० जानेवारी १९४८ या एका दिवसावरून दाखविण्याचें योजिलें आहे. कोल्हापूरच्या इतिहासाशीं या दिवसाचा निकट संबंध आहे, म्हणून हाच दिवस निवडला.

२. प्रथम पूर्वपीठिका. ता. २३ जुलै १९२७ रोजीं लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें मुंबईच्या केंद्राचें उद्घाटन झालें. तें केंद्र एका खासगी कंपनीचें होतें. त्याच्या यंत्राची शक्ति दीड किलोवॅट व खात्रीची पोंच सुमारें तीस मैल, म्हणजे कोल्हापूर त्या टप्प्यांत मुळींच येत नव्हतें. १९३० सालीं कंपनी मोडली व काम सरकारनें हातीं घेतलें. ता. ८ जून १९३६ पासून या खात्यास ‘ऑल इंडिया रेडिओ’ हें नांव मिळालें. फेब्रुवारी १९३८ मध्यें मुंबईस लघुलहरींचें यंत्र सुरू झाल्यावर दूरच्या गांवांस मुंबई ऐकण्याची सोय झाली. तरीही स्वातंत्र्याच्या वेळीं देशाच्या भूमीचा अवघा अडीच टक्के भाग व सुमारें अकरा टक्के लोक नभोवाणीच्या टप्प्यांत होते. संस्थानांपैकीं म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद, औरंगाबाद व बडोदें येथें स्वतंत्र केंद्रें होतीं; कोल्हापूर दरबारचें केंद्र नव्हतें. तेव्हां करवीरकरांनीं ऐकावयाचें तें बाहेरून आलेलें, आणि तेंही ज्याच्या घरीं वा दुकानीं परवान्याचें यंत्र असेल त्याच्याच द्वारें. बाकीच्यांस नभोवाणी म्हणजे शेजाऱ्यानें सांगितलेली वार्ता.

३. नभोवाणीच्या दिवसाचें जें साधन सहज हातीं लागतें तें छापील कार्यक्रमपत्रिका होय. ता. १५ जुलै १९२७ रोजीं ‘इंडियन रेडिओ टाइम्स’ निघालें, ता. २२ डिसेंबर १९३५ पासून तेंच ‘इंडियन लिसनर’ या नांवानें प्रसिद्ध होऊं लागलें. त्यांत केंद्रवार व घटकावार कार्यक्रम दिलेले असतात : सकाळच्या बातम्या, गायन, स्त्रियांसाठीं व मुलांसाठीं कार्यक्रम, खेडुतांकरितां गोष्टी, विद्वानांचीं भाषणें, श्रुतिका, आणि रात्रीं निरनिराळ्या भाषांतून पुन्हा बातम्या. त्या काळीं काय ऐकण्याजोगें मानलें जात होतें, कोणत्या भाषेस किती वेळ मिळत होता, कोणते गवई व वक्ते बोलाविले जात होते, याचा निर्णय करण्यास हें साधन बहुमोल आहे. संग्रहांत त्याचा एखादा सुटा अंक आला तरी तो टाकून देऊं नये.

परंतु त्याची मर्यादा ध्यानांत ठेविली पाहिजे. हे अंक अगोदर छापले जात. त्यांत जें आहे तें योजिलेलें आहे, घडलेलें नव्हे. लग्नपत्रिकेवरून मुहूर्त कळतो. लग्न लागलें हें सिद्ध होत नाहीं.

४. ता. ३० जानेवारीचा दिवस घ्या. दिल्लीस महात्माजींचें सायंप्रार्थनेनंतरचें प्रवचन ध्वनिमुद्रित करून रात्रीं नभोवाणीवरून ऐकविण्याचा प्रघात होता. त्याकरितां नभोवाणीचे अधिकारी के. डी. मदन त्या दिवशींही आपलें यंत्र घेऊन बिर्ला भवनांत हजर होते. सायंकाळीं पांच वाजून सतरा मिनिटांनीं गोळ्या झाडल्या गेल्या. ज्या प्रवचनाकरितां यंत्र मांडलें होतें तें झालेंच नाहीं. सहा वाजतां नभोवाणीनें मृत्यूची वार्ता सांगितली व मारणारा हिंदु आहे हें त्याच वेळीं स्पष्ट केलें. रात्रीं पंडित नेहरू व सरदार पटेल बोलले. नेहरूंचें तें भाषण लिहून आणलेलें नव्हतें. म्हणजे ज्या भाषणास उच्चारापूर्वीं मसुदाच नव्हता, त्याचें ध्वनिमुद्रण हेंच अस्सल, आणि पुढें छापलेले पाठ ह्या त्याच्या नकला. दुसऱ्या दिवशीं मेलव्हिल डी मेलो यांनीं अंत्ययात्रेचें वर्णन सुमारें सात तास केलें. तेंही कोणत्याच पत्रिकेंत आगाऊ छापलेलें असणें शक्य नव्हतें. छापील अंकावर विसंबून या दोन दिवसांची शकावली रचणारा संशोधक देशाच्या इतिहासांतील एका मोठ्या घटनेस पूर्णपणें मुकेल.

५. आतां कोल्हापूर. सहा वाजतांच्या निवेदनांतील ‘हिंदु’ या एका शब्दानें उत्तरेकडे मुसलमानांवरील संभाव्य प्रलय टळला, असें सर्वसाधारण मत आहे. महाराष्ट्रांत मात्र वार्ता तेवढ्यावर थांबली नाहीं. मारणारा मराठी, पुण्याचा व ब्राह्मण, हीं पुढचीं विशेषणें येतांच येथें दुसराच अनर्थ ओढवला. कोल्हापुरांत ब्राह्मणांचीं घरें व दुकानें जळलीं. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात् झाला. संस्थानच्या कारभाराची न्यायमूर्ति कोयाजी यांच्याकडून चौकशी झाली, व ता. १ मार्च १९४९ रोजीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. जळालेल्या वाड्यांबरोबर किती रुमाल, पोथ्या व कुळकागद गेले याचा विचार आपल्यासारख्यांस तरी अस्वस्थ केल्यावांचून राहणार नाहीं.

या प्रकरणीं खरा प्रश्न क्रमाचा आहे. ‘महात्माजी गेले’, ‘मारणारा हिंदु’, ‘पुण्याचा’, ‘ब्राह्मण’ हीं चार पदें करवीरांत कोणत्या घटकेस व कोणत्या वाटेनें पोंचलीं ? नभोवाणीनें, तारेनें, वृत्तपत्रानें कीं तोंडातोंडीं ? जमाव आपोआप उसळला कीं उसळविला गेला, या वादाचा निकाल पुष्कळसा या कालनिर्णयावर अवलंबून आहे. जमावास हेतु चिकटविणें सोपें आहे. घटका ठरविणें कठीण आहे, आणि तेंच संशोधकाचें काम आहे.

६. याकरितां पुढील कागद जपले पाहिजेत. पहिला वर्ग खासगी रोजनिशींचा. त्यांतही ‘रेडिओ ऐकला’ आणि ‘रेडिओवर सांगितल्याचें ऐकलें’ या दोन वाक्यांचें प्रामाण्य भिन्न मानावें. पहिलें प्रत्यक्ष, दुसरें ऐकीव. दुसरा वर्ग यंत्रांचे परवाने, पावत्या व विक्रेत्यांच्या वह्या. यांवरून कोणत्या पेठेंत यंत्र होतें हें ठरतें, व ज्या पेठेंत यंत्र नव्हतें तेथील ‘प्रत्यक्ष ऐकलें’ या साक्षी तपासून घ्याव्या लागतात. तिसरा वर्ग ‘पुढारी’सारख्या स्थानिक वृत्तपत्रांचे ता. ३१ जानेवारी व त्यापुढील अंक. चौथा वर्ग संस्थानच्या दप्तरांतील पोलिसांचे कागद व तारा.

वेळांविषयींही सावध असावें. मुंबई शहरांत भारतीय प्रमाणवेळेहून एकुणचाळीस मिनिटें मागें असलेली ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत कांहीं व्यवहारांत चालू होती. मुंबईहून आलेल्या पत्रांत किंवा टिपणांत ‘सायंकाळीं साडेपांच’ असें आढळल्यास ती कोणती वेळ हें आधीं ठरवावें. नाहींतर वार्ता नभोवाणीनें सांगण्यापूर्वींच पोंचल्यासारखी दिसेल, आणि त्यावर कटाचे इमले रचले जातील.

शेवटीं वृद्धांच्या आठवणींसंबंधीं. नेहरूंचें तें भाषण पुढें इतक्या वेळां ऐकविलें गेलें आहे कीं, त्या रात्रीं तें न ऐकलेल्यासही तें ऐकल्यासारखें वाटतें. यांत असत्य बोलण्याचा हेतु नसतो. म्हणून साक्ष घेतांना भाषणांत काय होतें हें विचारूं नये. यंत्र कोणाचें होतें, कोठें ठेवलेलें होतें, भोंवतीं कोण बसले होते, ऐकून झाल्यावर घराचें दार लावलें कीं उघडें ठेविलें, हें विचारावें. शब्द सर्वांनीं पुढें पाठ केले. दाराची आठवण मात्र ज्याची त्याची असते.

ज्यांच्या वाड्यांत त्या सालच्या वह्या, पावत्या वा पत्रें असतील त्यांनीं तीं रद्दींत घालण्यापूर्वीं एकवार उघडून पाहावीं, आणि जानेवारीचीं शेवटचीं पानें प्रथम पाहावीं.