मॉडेल रेल्वे: मोबाईलवरून मालगाडी चालते तरी कशी?

माझं लहानपण दौंडला गेलं. बाबा मालगाडीचे गार्ड, त्यामुळे घरात गप्पा वाघिणींच्याच. आज मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आणि रविवारी टेबलावर छोटी मालगाडी चालवतो, तीही मोबाईलवरून. ऑफिसमधले मित्र विचारतात, "हे खेळणंच ना?" खेळणं आणि मॉडेल यात फरक आहे तो मापाचा. मॉडेलमध्ये प्रत्येक भाग खऱ्या गाडीच्या ठरावीक पटीत लहान केलेला असतो. या लेखात माप, वाघीण आणि डिजिटल कंट्रोल, तिन्ही समजून घेऊया. शेवटी माझी एक महागात पडलेली चूकही सांगतो.

स्केल आणि गेज म्हणजे काय?

स्केल म्हणजे मॉडेल खऱ्या गाडीच्या किती पट लहान आहे ते. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. नवशिके या दोन शब्दांतच गोंधळतात आणि चुकीचं सामान विकत घेतात.

१८९१ मध्ये जर्मनीच्या मार्कलिन कंपनीने खेळण्यातल्या गाड्यांसाठी रुळांची ठरावीक मापं आणली. आज जगात सगळ्यात जास्त चालणारं स्केल म्हणजे एचओ, म्हणजे १:८७. 'ओ' नावाच्या मोठ्या स्केलच्या साधारण निम्मं, म्हणून 'हाफ ओ'. जागा कमी असेल तर एन स्केल, १:१६०. त्याच्या रुळांमधलं अंतर फक्त ९ मिमी.

एचओचे रूळ १६.५ मिमीचे असतात. १६.५ ला ८७ ने गुणलं की १४३५ मिमी येतात. हे युरोप-अमेरिकेतलं स्टँडर्ड गेज. आपलं ब्रॉडगेज मात्र १६७६ मिमीचं, म्हणजे एचओमध्ये ते १९.३ मिमी व्हायला हवं. पण तयार रूळ, चाकं, मोटरचे सांगाडे सगळे १६.५ चेच सहज मिळतात. म्हणून भारतीय गाड्यांचे बरेच मॉडेलकार तडजोड करतात: वरची गाडी बरोबर १:८७, खालचे रूळ तेवढे अरुंद. मीही तेच केलं. समोरून नीट पाहिलं तर गाडी रुळांवरून थोडी बाहेर आल्यासारखी वाटते.

एक वाघीण बनवून बघूया

कोळशाच्या गाडीला लागणारी उघडी वाघीण, बॉक्सएन, तुम्ही नक्की पाहिली असेल. खरी वाघीण कपलरसकट सुमारे १०.७ मीटर लांब. भागिले ८७, म्हणजे १२.३ सेंमी. अख्ख्या रेकमध्ये साधारण ५८ वाघिणी धरल्या तर मॉडेलची लांबी सात मीटरच्या वर जाते! माझ्या फ्लॅटचा हॉलसुद्धा तेवढा नाही. म्हणून मी आठ वाघिणी आणि शेवटी गार्डचा डबा लावतो. डबा नव्हता तेव्हा बाबांनी गाडीकडे पाहून पहिला प्रश्न तोच विचारला होता, "आणि गार्ड बसणार कुठं?"

वाघिणीचं डिझाइन मी फ्रीकॅड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये केलं आणि रेझिन थ्रीडी प्रिंटरवर छापून घेतलं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: सगळंच ८७ ने भागून चालत नाही. खऱ्या गाडीवरचा २० मिमीचा रिव्हेट मॉडेलवर ०.२३ मिमीचा होतो, प्रायमर आणि रंगाच्या थराखाली तो सहज बुजतो. म्हणून असे बारकावे किंचित मोठे ठेवावे लागतात.

वजनही तसंच नुसत्या भागाकाराने ठरत नाही. अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची, म्हणजे एनएमआरएची, एचओसाठी शिफारस आहे: डब्याला १ औंस, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. आपली वाघीण ४.८ इंच, म्हणजे वजन सुमारे ९७ ग्रॅम हवं. प्रिंट केलेली वाघीण त्याहून खूप हलकी भरते. अशी हलकी वाघीण वळणावर आतल्या बाजूला खेचली जाते आणि आडवी होते. उपाय स्वस्त आहे: तळाशी लोखंडी वॉशर चिकटवा आणि किचनच्या काट्यावर वजन करा.

डीसीसी म्हणजे काय?

जुन्या पद्धतीत रुळांना थेट डीसी व्होल्टेज देतात. व्होल्टेज वाढवलं की वेग वाढतो, प्लस-मायनस उलटं केलं की गाडी मागे जाते. अडचण एकच: त्या रुळावर दोन इंजिनं असली तर दोन्ही पळतात.

यावरचं उत्तर म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल, थोडक्यात डीसीसी. जर्मनीच्या लेन्झ कंपनीच्या पद्धतीवरून एनएमआरएने १९९० च्या दशकात हे स्टँडर्ड बनवलं. यात रुळांवर कायम पूर्ण व्होल्टेज असतं, पण त्याची दिशा सतत उलटसुलट होत असते. अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर तो बिट १, आणि साधारण १०० मायक्रोसेकंदांचा असेल तर ०. म्हणजे वीज आणि डेटा एकाच रुळातून!

प्रत्येक संदेशात इंजिनाचा पत्ता, आज्ञा आणि चूक तपासायचा एक बाइट असतो. इंजिनात नखाएवढा डीकोडर बसवलेला असतो. संदेश सगळ्यांना ऐकू येतो, पण पत्ता जुळला तरच डीकोडर मोटर फिरवतो. ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज सगळ्यांना दिसतो, पण ज्याचं नाव घेतलंय तोच उत्तर देतो, तसंच.

डीकोडरच्या सेटिंगला सीव्ही म्हणतात. सीव्ही १ मध्ये पत्ता, सीव्ही ३ मध्ये वेग किती सावकाश वाढवायचा ते, सीव्ही ४ मध्ये किती सावकाश कमी करायचा ते. मालगाडीसाठी ३ आणि ४ वाढवा. जड गाडी निघाल्यासारखी हळूहळू हलते, बघायला फार भारी वाटतं.

मोबाईल कसा जोडायचा?

तयार कमांड स्टेशन महाग पडतं. मी डीसीसी-ईएक्स हा ओपन सोर्स प्रोजेक्ट वापरला: आर्डुइनो मेगा बोर्ड, त्यावर मोटर शील्ड आणि एक वाय-फाय मॉड्यूल. छोट्या लेआउटला एवढं पुरतं. फोनवर 'इंजिन ड्रायव्हर' हे मोफत अँड्रॉइड ॲप घ्या, त्याच वाय-फायला जोडा, पत्ता टाका आणि स्लायडर सरकवा.

माझी चूक

डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन मूळ अमेरिकेच्या अल्को कंपनीचं. १९६२ मध्ये पहिली इंजिनं तिथूनच आली, नंतर ती वाराणसीत बनू लागली. बाबांच्या नोकरीची बरीच वर्षं याच इंजिनामागे गेली, म्हणून मी ते चार महिने रविवार घालवून हाताने बनवलं. ते साइडिंगला टेबलाच्या कडेला उभं होतं. मी नवीन घेतलेलं दुसरं इंजिन रुळावर ठेवलं, पत्ता ३ टाकला आणि वेग दिला. नवीन इंजिन हललं. त्याच क्षणी साइडिंगचं इंजिनही निघालं आणि सरळ फरशीवर पडलं. केबिनचे तीन तुकडे झाले.

कारण साधं होतं. नव्या डीकोडरचा पत्ता बहुतेक वेळा ३ च असतो आणि मी दोन्हींचा बदलला नव्हता. बाबा तुकडे गोळा करत म्हणाले, "अरे, दोन इंजिनांना एकच नंबर देतं का कोणी?" इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत नेटवर्क ॲड्रेस शिकलेला मी गप्प बसलो. केबिन पुन्हा प्रिंट केली, पण छताला बारीक भेग अजून दिसते.

सुरुवात करण्यापूर्वी

१. आधी जागा मोजा. एचओच्या नेहमीच्या लहान वळणाची त्रिज्या ४५.७ सेंमी, म्हणजे टेबल किमान एक मीटर रुंद हवं.

२. डीकोडर बसवताना मोटरची दोन्ही टोकं रुळांपासून आणि सांगाड्यापासून पूर्ण वेगळी आहेत का ते मल्टीमीटरने तपासा. नाहीतर डीकोडर जळतो.

३. डीकोडर नसलेलं इंजिन डीसीसीच्या रुळावर उभं करून ठेवू नका. मोटर गुणगुणते आणि तापते.

४. नवीन इंजिन आल्याबरोबर, बाकी इंजिनं उचलून, त्याचा पत्ता बदला. खऱ्या इंजिनाचा क्रमांक पाच आकडी असतो आणि डीसीसीत पत्ता १०२३९ पर्यंतच जातो, म्हणून मी शेवटचे चार आकडे वापरतो.

५. टेबलाच्या कडेला पट्टी ठोका.

पैसे खर्च करण्याआधी प्रत्यक्ष बघायचं असेल तर पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे, तिथे जाऊन या. आणि पुढच्या वेळी फाटकात मालगाडीमुळे अडकलात, तर मोबाईल खिशात ठेवून वाघिणी मोजा. मॉडेलिंगची सुरुवात तिथूनच होते.