चार कोऱ्या सऱ्या : प्रस्तावना

दोंडाईच्याच्या शिवारात मिरचीला नवं खत घातलेला शेतकरी हंगामाअखेर सांगतो, "औंदा माल भारी निघाला, खताचा गुण." शेजारचा विचारतो, "मग मी खत न घालता माझ्याकडं कसा निघाला?" प्रायोगिक गट-अभिकल्पांचा सगळा विषय या एका प्रश्नात आहे. हे पुस्तक त्याच प्रश्नाचा विस्तार आहे.

जाणता शेतकरी चार सऱ्या कोऱ्या ठेवतो. खताच्या सऱ्या हा त्याचा प्रायोगिक गट, कोऱ्या सऱ्या हा नियंत्रित गट. पण कोऱ्या सऱ्या बांधावरच्या निंबाच्या सावलीतल्याच धरल्या, तर दिसलेला फरक खताचा की सावलीचा, हे कोण सांगणार? म्हणून चिठ्ठ्या टाकायच्या. यादृच्छिक वाटप म्हणतात ते हेच. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेती-संशोधन केंद्रात काम करताना संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी हा विचार बांधला आणि १९३५ साली पुस्तकात मांडला. हे शास्त्र वाफ्यांतून वर आलेलं आहे. खानदेशातल्या विद्यार्थ्यानं त्याला बिचकू नये.

वर्गात आपण बहुधा एकल गटापासून सुरुवात करतो : पूर्वचाचणी, नवी अध्यापनपद्धती, उत्तरचाचणी. गुण वाढले की निष्कर्ष तयार. पण मधल्या काळात मुलं वयानं वाढलेली असतात, चाचणीला सरावलेली असतात. शिवाय दिवाळीच्या सुमारास आपल्याकडची काही घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात, सोबत मुलंही. समजा, जूनमध्ये पटावर ४० मुलं होती आणि जानेवारीत ३१ उरली. गेलेली नऊ मुलं वाचनात मागं असतील, तर कुणी एक अक्षर न शिकवताही वर्गाची सरासरी वाढेल.

समांतर गट काय साधतो, ते गडचिरोलीत पाहावं. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं; ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. आधी, १९९३ ते १९९५, दोन्हीकडचे नवजात-मृत्यू मोजले : हजारी ६२ आणि ५८. जवळजवळ सारखेच. सेवेच्या तिसऱ्या वर्षी पहिल्या गावांत हा दर २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो ५९.६ होता. १९९९ साली हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. नुसते ६२ चे २५ झाले असते, तर कुणीही म्हटलं असतं, काळच सुधारला. काळ सुधारला नव्हता, हे त्या ४७ गावांनी सांगितलं.

इथं मन अडखळतं. उपाय हाताशी असताना कुणाला तरी त्यावाचून ठेवायचं? अडखळायलाच हवं. शिक्षणात काम करणाऱ्या 'प्रथम' संस्थेच्या बालसखी उपक्रमाची (मागे पडलेल्या मुलांना शिकवणारी वस्तीतलीच तरुणी म्हणजे बालसखी) २००१ पासून मुंबई आणि बडोद्यात पारख झाली, तेव्हा यावर एक सुंदर तोड निघाली. बडोद्यात निम्म्या शाळांना तिसरीसाठी बालसखी मिळाली, उरलेल्यांना चौथीसाठी. पुढल्या वर्षी इयत्ता बदलल्या. अशा अदलाबदलीलाच फिरता गट म्हणतात. एकही शाळा रिकाम्या हातानं राहिली नाही, तरी प्रत्येक इयत्तेला तुलनेचा जोडीदार मिळाला. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या अभ्यासात मागे पडलेल्या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. अभिकल्प म्हणजे नुसता तक्ता नव्हे. न्याय आणि पुरावा यांची एकाच कागदावर घातलेली सांगड आहे.

पुढच्या प्रकरणांत एकल, समांतर आणि फिरता गट याच क्रमानं येतात. आकडेमोड शेवटी ठेवली आहे, कारण चुकीच्या गटांना कुठलंही सूत्र वाचवू शकत नाही. वाचकाला एकच विनंती : आपल्या प्रबंधाचा आराखडा काढण्याआधी कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहाव्यात. माझ्या कोऱ्या सऱ्या कोणत्या? आणि त्या मी निवडल्या, की चिठ्ठीनं?

दोंडाईचा