मुक्ताचा निबंध आणि घराचा अभ्यासक्रम

स्त्रीशिक्षणाचा आपला इतिहास बहुधा सनावळीत अडकतो. शाळेचे दार कधी उघडले हे आपण अभिमानाने सांगतो. आत मुलीला काय शिकवले आणि तिच्याकडून काय ऐकून घेतले, हे विचारीत नाही. वर्गातील स्त्री-पुरुषभेदाचा प्रश्न तेथेच दडलेला आहे.

१८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. पुढे अस्पृश्यांसाठीही त्यांच्या शाळा निघाल्या. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता या चौदा वर्षांच्या मांग मुलीने महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला. १८५५ साली तो ‘ज्ञानोदया’त छापून आला. वेद ब्राह्मणांचेच असतील, तर आमचा धर्म कोणता, असा रोकडा सवाल तिने टाकला. या सवालाची चर्चा पुष्कळ झाली. पण त्याच निबंधात तिने आपल्या बायकांची बाळंतपणेही मांडली आहेत: डोक्यावर छप्पर नाही, अंगावर थंडी-पाऊस. हे ज्ञान कोणत्याही क्रमिक पुस्तकात नव्हते. मुलीने ते स्वतःच्या वस्तीतून वर्गात आणले, आणि त्या वर्गाने ते लिहिण्याजोगे मानले.

पुढे १८८४ साली रानडे प्रभृतींच्या पुढाकाराने पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले. तेथील अभ्यासक्रमावर टिळकांनी त्याच दशकात टीकेची झोड उठवली. मुलांसारखे इंग्रजी शिक्षण मुलींना नको, शाळेचे तास कमी करा, घरकामाला वेळ राहू द्या, असा त्यांचा आग्रह होता. येथे मुलीचे वेगळेपण तिच्या ज्ञानाचा उगम राहिले नाही; तिच्या शिकण्याची ती मर्यादा ठरली.

आणि घर म्हणजे तरी कोणाचे घर? जिच्या आईला बाळंत व्हायला आडोसा नव्हता, तिने कोणत्या गृहिणीधर्माचे धडे गिरवायचे? ‘मुलींचा अभ्यासक्रम’ या शब्दांत एका जातीचे, एका वर्गाचे घर साऱ्या स्त्रीजातीवर लादले गेले. जात आणि लिंग हे प्रश्न वेगवेगळ्या तासांना शिकवता येत नाहीत, ते असे.

आज हजेरीपटावर मुलींची नावे आहेत. तेवढ्यावर समाधान मानणाऱ्या शिक्षकाने स्वतःला विचारावे: माझ्या वर्गातील मुक्ताने उद्या तिच्या वस्तीतील बायकांचे दुःख निबंधात लिहिले, तर मी ते वाचीन, की विषय सोडून लिहिले म्हणून गुण कापीन?